पोचा

आमचं दुकान तांबाकाट्यावर. घागरी, बंब, घंगाळी.
माझ्या बापानं सॅक्सोफोन पहिल्यांदा हातात घेतला
तेव्हा विचारलं, "यात पाणी कुठून ओतायचं?"
इनास कुलासो हसला नाही.
"वारं ओतायचं, मेस्त. पण गळतंय."

ते छप्पन्न साल. वही आहे अजून:
कुलासो, धोबीतलाव, राय गावची कूड.
वाकडा बाजा. पोचे चार. रुपये दोन.
बापानं खैराचा गोळा तासून आत सरकवला,
घागरीचं पोट सावरतात तसं आतून सावरलं
आणि बाहेरून लाकडी मोगरीनं, हळू,
जसं झोपलेल्याला उठवतात.

त्याचं सगळं करिअर आमच्या अक्षरात आहे.
अठ्ठावन्न, चावी सैल: चर्चगेटचं हॉटेल,
रात्री नऊ ते एक, भाड्याचा काळा कोट,
आणि समोर कटलेट कापणारी माणसं,
जी त्याचा सोलो आला तरी सुरी खाली ठेवत नसत.
साठ, बारा गाद्या बदलल्या. मेंढीचं कातडं, लाख आमची.
आता दिवसा स्टुडिओ.
तिथं त्याला बोलावत ते बाई बिघडताना
किंवा गुंड जिना उतरताना.
"नायिका रडली की चाळीस वायोलिनं," तो म्हणे,
"माझ्या वाट्याला नेहमी तिची सवत."
पैसे पाकिटात. नाव कुठंच नाही.

त्रेसष्ट, श्रावणी सोमवार, दुकान अर्धं बंद.
तळाच्या वाकाला हा एवढा पोचा.
कुठं पडला, सांगितलं नाही.
मी बारा वर्षांचा, गोळ्याला मेण लावत होतो.
"हा राहू दे," इनास म्हणाला.
"खालचा सूर खरखरतो यानं. तो आता माझा."
बाप चिडला. पोच्यासकट माल परत गेला
तर बाजारात तोंड कुठं दाखवायचं?
तरी ठेवला. वहीत लिहिलं:
गिऱ्हाइकाच्या हट्टावरून.

पुढं पानं विरळ होतात.
हॉटेलात टेप आली. दोन वर्षं तारवावर,
भायखळ्याची लग्नं, माझगावची मयतं,
एक स्प्रिंग, एक बूच, उधार.
मग स्टुडिओत जपानी पेटी आली.
तिच्यात चाळीस माणसं मावत,
एकही चहा मागत नसे.
सत्त्याऐंशी: समोरचे दोन दात गेले.
दात आम्ही बसवत नाही.
बाजा गादीवर ठेवून म्हणाला, "पुसून ठेव, येतो."

आला नाही. कूडीत विचारलं तर
त्याच्या खाटेवर दुसऱ्याची ट्रंक होती.

बाजा फळीवर आहे, दोन बंबांच्या मध्ये.
परवा एक जण आला, त्याचा दिवा करायचा म्हणाला,
किंमत चांगली देत होता.
विचार करतो म्हटलं, आणि दाढीला गेलो.

सलूनमध्ये रेडिओ. जुनं गाणं. मध्येच, जिथं बाई बिघडते,
तिथं दोन ओळींच्या फटीत
तो खालचा सूर. खरखर.
जिभेवर काथ्याचा धागा यावा तशी.
मी न्हाव्याचा हात धरला. वस्तरा थांबला.
तो आमचा पोचा आहे, मी म्हणालो,
आणि आरशातली चार माणसं माझ्याकडं बघायला लागली.

मग निवेदिकेनं साल सांगितलं. एकसष्ट.

अर्धी दाढी घेऊन दुकानात आलो.
वही काढली. पानं पुन्हा मोजली.
पोचा त्रेसष्टचा. बापाचं अक्षर, शाई पक्की.
दोन वर्षं आधी पितळ गुळगुळीत होतं
आणि सूर तसाच फाटत होता.

बाजा खाली घेतला. अंगठा पोच्यात ठेवला,
बरोब्बर बसतो.
गोळा आहे, मोगरी आहे, दहा मिनिटांचं काम.
हत्यार घेतलं नाही. पेन घेतलं.
आजची तारीख घातली:
कुलासो. पोचा एक, तपासला.
दोष तिथं नाही.